तिला कुणीतरी सांगा

या कादंबरीपासून कुणाला काय मिळणार होतं, ते आधी पाहू. श्रीपतरावांना, म्हणजे घरच्यांच्या बाबासाहेबांना, ब्याऐंशीव्या वर्षी एक शाल, एक नारळ आणि आयुष्यभर ज्यांनी त्यांना रेल्वेतले हेडक्लार्क म्हणून ओळखलं त्या माणसांकडून 'लेखक' ही हाक मिळणार होती. बडोद्याच्या मराठी मंडळाला एक रविवारची संध्याकाळ भरून मिळणार होती. श्रीपतरावांच्या नातीला, शलाकेला, आईची पैठणी नेसून फोटो काढायला निमित्त मिळणार होतं. सगळ्यांत मोठा वाटा मात्र त्यांच्या मुलाचा, विक्रमसिंहाचा होता, आणि त्यानं तर पुस्तकात स्वतःची म्हणून एक ओळही लिहिली नव्हती. राहिली सून, वसुंधरा. तिला नायिका व्हायला मिळणार होतं. हे तिला गुरुवारी प्रेसमधून गठ्ठे आल्यापासून जो येईल तो सांगत होता. 'सुलक्षणेचं घर' या नावाखाली मुखपृष्ठावर पदर डोक्यावर घेतलेली एक बाई पाठमोरी उभी होती आणि ती पाठ, म्हणे, वसुंधरेची होती.

म्हणून रविवारी दुपारी भांडी विसळून झाल्यावर ती मांजलपूरच्या आपल्या फ्लॅटच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसली आणि उरलेली पानं वाचायला घेतली. गेले तीन दिवस ती हे पुस्तक औषधासारखं घेत होती, थोडं थोडं, नाक दाबून. कौटुंबिक कादंबरीत जे जे लागतं ते सगळं श्रीपतरावांनी घातलं होतं. करारी सासरे, पहाटे उठणाऱ्या सासूबाई, वाटणीवरून भांडणारा दीर, दूधवाला, देवघर. एवढ्या माणसांच्या मधोमध नायिका मात्र पाण्यात पडलेल्या कागदासारखी. पान एकसष्टवर ती स्वयंपाकघरात रडते, पान एकोणनव्वदवर गच्चीवर रडते, पुढं दीर भांडायला येतो तेव्हा बोलायला तोंड उघडते आणि लेखक तिथंच प्रकरण संपवतो. 'तिचे डोळे पाणावले' हे वाक्य इतक्या वेळा आलं की वसुंधरेला वाटलं, या बाईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला हवं. सुलक्षणेच्या नवऱ्याबद्दल तर लेखकानं कमालीची काटकसर केली होती. अजितसिंह तीनदा येतो, दोनदा चष्मा शोधतो, एकदा त्याला सर्दी झालेली असते. एवढं एकच पात्र हुबेहूब उतरलंय, असं मनात येऊन तिला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच ती शेवटच्या प्रकरणात शिरली. सुलक्षणेला तिच्या ऑफिसनं नागपूरला बोलावलं होतं, विभागाची प्रमुख म्हणून. सुलक्षणेनं बॅग काढली, अर्धी भरली, सासऱ्यांच्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला, तिचे डोळे पाणावले, तिनं एकेक कपडा पुन्हा कपाटात ठेवला. 'माझं पद या उंबऱ्याच्या आत आहे,' ती म्हणाली. समाप्त. वसुंधरेनं पान उलटलं. पुढं कोरं होतं. तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. खाली सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, स्कूटर चालू होत नव्हती, आणि तो आवाज तिला थेट छातीत ऐकू येत होता.

कारण नागपूर नव्हतं, नाशिक होतं. मकरपुऱ्याच्या कारखान्यात, जिथं ती चोवीस वर्षं ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासत आली, तिथल्या साहेबांनी दिवाळीनंतर तिला विचारून ठेवलं होतं. नाशिकला नवा कारखाना होतोय, तपासणी विभाग तुम्ही उभा करा, माणसंसुद्धा तुम्हीच निवडा. गेल्या आठवड्यात तेच लेखी आलं होतं आणि सोमवारी सकाळी, म्हणजे उद्या, हो की नाही ते कळवायचं होतं. तिच्यानंतर दुसरं नाव तयार होतं. साहेबांनी तेही सांगितलं होतं, धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. एकोणपन्नासाव्या वर्षी असं विचारणं पुन्हा येत नाही, हे तिला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. घरात हे फक्त विक्रमसिंहाला माहीत होतं. दिवाळीनंतर तिनं त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला होता, "बघू ने," 'ना'च्या जागी बडोद्याचा 'ने' लावून. तीन महिने तो बघत होता. नाही म्हणाला असता तर ती भांडली असती, हो म्हणाला असता तर रडली असती. 'बघू'शी काय करायचं ते तिला सव्वीस वर्षांत कळलेलं नव्हतं.

"वाचलास ने शेवट?" शलाका केसांना क्लिपा लावत गॅलरीच्या दारात आली. "बेटर आहे ने? आधी ती मरायची."

"कोण?"

"सुलक्षणा. टायफॉइडनं. बाबासाहेबांनी मस्त लिहिलेलं, सगळे खाटेभोवती उभे, फुल ड्रामा. मग दिवाळीनंतर पप्पांनी त्यांना काहीतरी सांगितलं, म्हणून परत लिहिलं. पप्पा तर बोर होऊन गेलेले, सगळं परत टाइप करायला लागलं ने. बाबासाहेब बोलायचे, पप्पा मोबाइलवर टाइप करायचे."

वसुंधरेनं पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. म्हणजे नागपूरची जागा नाकारता यावी एवढ्यासाठी सुलक्षणेला मरणातून उठवलं होतं. आणि ज्या माणसाला तोंडानं 'जाऊ नको' एवढे दोन शब्द जड झाले होते, त्यानं तिचा नकार अंगठ्यानं अक्षर अक्षर उमटवला होता, काने-मात्रे तपासले होते, प्रेसला पाठवला होता. आज संध्याकाळी तो नकार सगळ्या गावाच्या देखत वाचला जाणार, टाळ्या पडणार, आणि उद्या तिनं हो कळवलं तर ती पुस्तकातल्या बाईपेक्षा खाली उतरणार.

श्रीपतराव तिच्याशी बोलत नसत. यात भांडण काही नव्हतं, रीत होती. त्यांचे पणजोबा गायकवाडी पागेत होते, आणि त्या घरांत सासऱ्यानं सुनेला समोरासमोर हाक मारायची नसे, सुनेनं सासऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसे. मधे कुणीतरी लागे. पागा गेली, घोडे गेले, राज्य गेलं, रीत तेवढी रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. दोन खोल्यांत! लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात वसुंधरा हातभर अंतरावर भाजी चिरत बसलेली असताना श्रीपतराव भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणत, "तिला कुणीतरी सांगा, मीठ कमी पडलंय." मग सासूबाई, कमळाबाई, तिच्याकडे वळून म्हणत, "मीठ कमी पडलंय, गं." आणि वसुंधरा कमळाबाईंना म्हणे, "घालते." तिला सुरुवातीला हे नाटकासारखं वाटे, माहेरी जाऊन ती नक्कल करून दाखवी. पुढं नक्कल करणं सुटलं. कमळाबाई गेल्या तेव्हा तिला वाटलं होतं, आता मधलं माणूस उरलं नाही, आता बोलावंच लागेल. तर श्रीपतराव टीव्हीशी बोलू लागले, नातीशी बोलू लागले, एकदा तर मिक्सरशी. "फार सकाळी आवाज होतो," ते मिक्सरला म्हणाले, आणि तिनं मिक्सर उशिरा लावायला सुरुवात केली. पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ती हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसली होती, तेव्हा ग्लानीतसुद्धा ते नर्सला गुजरातीत म्हणाले, "एने कहो, घरे जाय, थाकी गई हशे." तिला सांगा, घरी जा म्हणावं, थकली असेल. तेव्हा तिला भरून आलं होतं. आज गॅलरीत बसून तिला तेही वाक्य उलटंपालटं करून बघावंसं वाटलं, त्यात काय होतं, किती होतं. हे पुस्तक म्हणजे त्यांनी तिला उद्देशून काढलेलं सगळ्यांत लांब वाक्य होतं, तीनशे पानांचं, आणि तेही कॅलेंडरकडे बघूनच.

कारखान्यात तेलाचा नमुना आला की ती तो भांड्यात ओते. आत धातूचे दोन गोळे समोरासमोर, मधे अगदी बारीक फट, फटीत तेल. मग व्होल्टेज चढवत न्यायचं. तेल दिसायला तसंच राहतं, हलत नाही, रंग बदलत नाही. बघणाऱ्याला वाटावं काहीच चाललेलं नाही. आणि एका आकड्याला ठिणगी पडते. नवी मुलं ठिणगीकडे बघतात; वसुंधरा त्यांना सांगे, ठिणगीच्या आधीचं बघा, तपासणी तिथं असते.

पाच वाजता गाडीत बसताना नेहमीची मांडणी झाली. विक्रमसिंह चालवायला, श्रीपतराव पुढं, या दोघी मागं. श्रीपतरावांनी जोधपुरी कोट घातला होता आणि त्याला नॅप्थलीनचा वास येत होता. लालबागच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. समोरच्या काचेकडे बघत ते म्हणाले, "शलाकाराजे, आज लोक म्हणतील, सुलक्षणेनं दोन शब्द बोलावेत. तयारी असू द्यावी म्हणावं."

शलाकेनं आईकडे बघून डोळे मिचकावले. "आई, तयारी असू द्यावी म्हणावं."

"काय बोलायचं असतं अशा वेळी?" वसुंधरेनं विचारलं. शलाकेला नाही, आरशातल्या विक्रमसिंहाच्या डोळ्यांना. "तुम्हीच सांगा. तुमचा हात आहे ने शेवटात."

आरशातले डोळे पुलाखाली काहीतरी शोधायला गेले. "अगं, ते... बाबासाहेबांचं होतं सगळं. मी तर फक्त टाइप." मग थोडं थांबून, "बघू ने, वेळ आली तर." आणि त्यानं हॉर्न दिला, जो देण्यात काही अर्थ नव्हता, कारण पुढचा माणूसही अडकलेलाच होता. पाठीमागून त्याची मान दिसत होती, नुकती न्हाव्याकडे जाऊन आलेली, गुळगुळीत. या मानेवर तिनं कधीकाळी प्रेम केलं होतं. प्रतापनगरच्या त्या रेल्वे क्वार्टरच्या पाठच्या अंगणात, सगळे निजलेले असताना ती हलक्या आवाजात त्याला कारखान्यातल्या गोष्टी सांगे आणि तो मन लावून ऐके. ऐकायला तो फार चांगला होता. आता तिला कळत होतं की ऐकणं हा त्याचा स्वभाव नव्हता, ती त्याची लपायची जागा होती. कुणाही दोघांच्या मधे तो उभा राहिला की दोघांनाही वाटे हा आपल्या बाजूचा आहे, आणि प्रत्यक्षात तो दाराच्या बाजूचा असे. विक्रमसिंह! नाव ठेवताना कमळाबाईंना काय अपेक्षा होत्या कोण जाणे.

प्रकाशनाला मंडळाच्या हॉलमध्ये पंखे जोरात होते आणि सनईची टेप लावली होती. युनिव्हर्सिटीत शिकवणारे सलील सर मुख्य वक्ते. त्यांनी पुस्तक चाळलं होतं आणि सभ्यपणानं ते झाकलंही. "सुलक्षणा हे पात्र तरल आहे," ते म्हणाले. "ती आपल्या हातात येत नाही." श्रीपतराव मान डोलावत होते. मग एका मुलीनं शेवटचं प्रकरण वाचून दाखवलं, कपाट आलं, खोकला आला, उंबरा आला, आणि टाळ्या पडल्या. दुसऱ्या रांगेत बसलेल्या वसुंधरेच्या दंडावर कुणीतरी मागून हलकेच थोपटलं. तळवे तिला ओले लागत होते. ती साडीला पुसायला गेली तर साडी कडक इस्त्रीची, पाणी पिईना. प्रश्न विचारायला म्हणून ध्वनिक्षेपक रांगांत फिरला तेव्हा फतेगंजच्या संयोगिताबाई उठल्या. या बाई मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला येत आणि पुस्तक खरोखर वाचून येत, त्यामुळे कार्यकर्ते त्यांना जरा वचकून असत.

"श्रीपतराव, रागावू नका हं," त्या म्हणाल्या. "मी पूर्ण वाचली. पण नायिका फार पोचट झालीय. तीनशे पानं नुसती डोळे पुसते. तुम्ही तिला बोलूच देत नाही ने! शेवटी तरी वाटलं, आता जाईल. बिचारीनं अर्धी बॅग भरली होती, हो! का नाही गेली? खोकल्याला औषध नाही मिळत नागपूरहून फोन करून?"

हॉल हसला. श्रीपतरावांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण त्यांनी हसत ध्वनिक्षेपक ओढून घेतला. "त्या का गेल्या नाहीत, हे लेखकानं कशाला सांगायचं? नायिका इथंच बसल्या आहेत. त्यांना कुणीतरी सांगा, वर येऊन खुलासा करावा."

टाळ्या. शलाकेनं कोपरानं ढोसलं. पाच पायऱ्या की सहा, ते वसुंधरेला नंतर आठवेना. आठवली ती ध्वनिक्षेपकाची थंडगार जाळी, ओठांना लागलेली. नाही म्हणायची तयारी तिनं केलेली नव्हती, हो म्हणायचीही नाही. गाडीत बसल्यापासून ती एकच वाक्य घोळवत होती, 'बाबासाहेबांनी मला मुलीसारखं मानलं', आणि ते चांगलं वाक्य होतं, त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती म्हणाली, "संयोगिताबाईंचं बरोबर आहे. सुलक्षणा कच्ची उतरलीय." स्वतःचा आवाज तिला भिंतींकडून परत ऐकू आला. "तिचा दोष नाही. तिला कुणी विचारलंच नाही. मला नाशिकला बोलावलंय, आमच्या कारखान्याचं काम आहे. उद्या उत्तर द्यायचंय." मग ती ध्वनिक्षेपकापासून वळली, जिथं वळायचं नसतं तिथं, आणि सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बाबासाहेब, मी जाते आहे."

श्रीपतरावांनी आधी डावीकडे पाहिलं, सलील सरांकडे, मग उजवीकडे, अध्यक्षांकडे. दोघेही आपापल्या पाण्याच्या ग्लासात बघत होते. मधे कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्या ध्यानात आलं की या माणसाची साखर किती, दाब किती, लघवीचा रिपोर्ट काय, हे सगळं आपल्याला पाठ आहे, डोळ्यांचा रंग मात्र आज कळतोय. घारे होते. कडांना पांढुरके पडलेले.

"मग माझ्याकडे कोण बघणार, वसुंधरा?"

समोरचा ध्वनिक्षेपक चालूच होता. कापरा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. तिचं नाव. सव्वीस वर्षांत त्या तोंडातून ते पहिल्यांदा आलं होतं, आणि आलं ते हुकूम होऊन नाही. गर्दीत बोट सुटलेल्या मुलासारखं आलं. हाच सगळ्यांत वाईट क्षण होता. वसुंधरेला जाणवलं की नाशिक हातून निसटायला लागलंय. 'नाही जात मी' हे तिच्या ओठांवर तयार झालं. सुलक्षणेची अख्खी तीनशे पानं तिच्या पाठीशी येऊन उभी राहिली आणि पुढं ढकलू लागली. तेवढ्यात दुसऱ्या रांगेत विक्रमसिंह उठला. वसुंधरेला वाटलं, आला मदतीला. हसऱ्या, समजूतदार, सगळ्यांना आवडणाऱ्या आवाजात तो म्हणाला, "त्यात काय, बाबासाहेब! शलाका आहे ने घरी."

लोकांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. शलाकेनं, जिला जूनमध्ये पुण्याला शिकायला जायचं होतं आणि जिनं त्यासाठी रात्रीचा दिवस केला होता, पैठणीच्या निऱ्या मुठीत धरल्या. ती हसत होती, फोटोत हसतात तशी, आणि हसू कुठं ठेवावं ते तिला कळत नव्हतं. वसुंधरेनं ते पाहिलं आणि ओठांवर आलेलं वाक्य तिथंच सुकलं.

"शलाका नाही," ती म्हणाली. मग जे घरात, सासऱ्यांच्या देखत, तिनं कधी उच्चारलं नव्हतं ते नाव तिनं भर हॉलमध्ये एकेरीत घेतलं. "विक्रम, तू."

आभार फार घाईनं मानले गेले. सेव-उसळीच्या डिशा फिरल्या. संयोगिताबाई तिच्याकडे यायला निघाल्या आणि अर्ध्या वाटेवरून उगीचच चहाकडे वळल्या. दोघी ओळखीच्या बायका भिंतीशी उभ्या राहून हळू आवाजात बोलत होत्या आणि त्यांतली एक म्हणत होती, "ते ठीक आहे गं, पण चारचौघांत?" वसुंधरेला कळलं की 'चारचौघांत' आता आपल्या नावाला कायमचं चिकटलं. बडोद्यात मराठी माणसं तशी थोडी, त्यामुळे गोष्ट फिरायला वेळ लागत नाही.

परतताना गाडीत कुणी रेडिओ लावला नाही. श्रीपतरावांच्या मांडीवर शाल, शालीवर नारळ, आणि दोन्ही हात नारळावर. पुस्तकाच्या प्रती विकल्या गेल्या की नाही हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग विक्रमसिंहानं घसा खाकरला.

"बाबासाहेबांच्या गोळ्या... कुठल्या कुठल्या वेळी असतात गं?"

"त्यांना विचार," वसुंधरा म्हणाली.

गाडीनं दोन सिग्नल ओलांडले. "बाबासाहेब," विक्रमसिंह म्हणाला, आणि वडिलांना थेट काही विचारायची सवय त्यालाही नव्हती हे त्याच्या आवाजावरून कळत होतं, "तुमच्या गोळ्या कधी कधी असतात?"

श्रीपतराव समोर बघत होते. ते आठवत होते. आठवताना त्यांचे ओठ हलत होते. ताटाशेजारी वाटीत ज्या येत त्या ते घेत आले होते. "पांढरी एक असते," ते शेवटी म्हणाले. "आणि एक... अर्धी असते." इतकंच त्यांना माहीत होतं. मागच्या सीटवर शलाकेला सगळं पाठ होतं, ती पुढं झुकली, तिनं तोंड उघडलं, आणि वसुंधरेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरात नाही. शलाका मागं टेकली.

तर आता कुणी काय किंमत भरली ते बघायला हरकत नाही. संयोगिताबाईंनी काही भरलं नाही. वाचणाऱ्यांना ते भरावं लागत नाही. श्रीपतरावांनी आपली रीत भरली, ब्याऐंशी वर्षं जपलेली, एका प्रश्नात. विक्रमसिंहानं पहिला हप्ता भरला, फार लहान. शलाकेला यातलं काही भरावं लागू नये, एवढ्यासाठी तिच्या आईला सकाळी अनशापोटी पांढरी, जेवणानंतर पिवळी, रात्री अर्धी, शनिवारी कॅल्शियमची मोठी, हे सगळं क्रमानं जिभेवर आलेलं असताना ओठ मिटून बसावं लागलं. पुढं बसलेला म्हातारा अजून आठवत होता. "अर्धी असते," तो पुन्हा म्हणाला, या वेळी मान वळवून, तिच्याकडे बघून. गाडी मांजलपूरला पोचेपर्यंत वसुंधरा त्याच्याकडे बघत राहिली आणि बोलली नाही.